उलगडून दाखवण्याचे पैसे

आमच्या अण्णांचं बेळगावात साडीचं दुकान होतं. बसायला गादी, तिच्यावर पांढरी चादर, मागे लाकडी मांडण्या. एक इरकल दाखवा म्हटलं तर अण्णा एक कधी काढत नसत. दहा काढायचे, दहाही उलगडायचे. अस्सल रेशीम कोणतं आणि नुसतं चकाकणारं कोणतं, अंगाचा आणि पदराचा ताणा टोपाने कसा जोडलाय, कोणता रंग पहिल्या धुण्यात जाईल, हे सगळं सांगायचे. घ्या असं मात्र म्हणायचे नाहीत.

एकदा लग्नाचा बस्ता बांधायला एक मोठं कुटुंब आलं. दुपारभर बसले. चाळीसएक साड्या उलगडल्या, दोनदा चहा झाला. नवरीच्या आईला अण्णांनी रेशीम ओळखायला शिकवलं. शेवटी "घरी विचारून येतो" म्हणून मंडळी उठली. दुसऱ्या दिवशी तीच मंडळी पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाची गाठोडी घेऊन स्टँडकडे निघालेली अण्णांनी पाहिली. त्या दुकानात बसायला गादी नव्हती, चहा नव्हता, समजावून सांगणारं कुणी नव्हतं. साडीमागे थोडे पैसे कमी होते, बस. आई चिडली. अण्णा एवढंच म्हणाले, "शिकवणी आपली, विक्री त्याची."

हे वाक्य मी विसरूनही गेले होते. ते आठवलं थेट अमेरिकेत, आणि तेही खेळाच्या दुकानात.

२०१४ च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे ओहायोला गेले होते. एका शनिवारी जावई म्हणाले, "आई, चला, तुम्हाला एक गंमत दाखवतो." दुकान म्हणजे छतापर्यंत खोकीच खोकी आणि मागच्या बाजूला पाच-सहा टेबलं. प्रत्येक टेबलाभोवती लहान-मोठी माणसं पत्ते आणि सोंगट्या घेऊन बसलेली. पहिल्यांदा मला तो जुगाराचा अड्डाच वाटला! तसं काही नव्हतं. तिकडे 'हॉबी गेम्स' म्हणून एक वेगळाच बाजार आहे. आपला सापशिडी-ल्युडोचा प्रकार नव्हे. हे खेळ कुणीतरी डोकं लावून रचलेले असतात, पुस्तकावर लेखकाचं असतं तसं खोक्यावर रचणाऱ्याचं नाव असतं, आणि नियमांची पुस्तिका वाचून बहुतेकांना काही उमगत नाही. शिकवणारा लागतो. दुकानातल्या एका तरुणाने आम्हाला 'तिकीट टू राइड' हा आगगाड्यांचा खेळ शिकवला. रंगीत पत्ते जमवायचे, अमेरिकेच्या नकाशावर आपले डबे मांडत एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंत रूळ न्यायचे. वीस मिनिटं त्याने शिकवलं, तासभर आम्ही खेळलो. माझी सात वर्षांची नात जिंकली. मी इंग्रजीत अडखळले तेव्हा तो मुलगा हाताने खुणा करून सांगत होता, अगदी अण्णांसारखा.

खेळावर किंमत पन्नास डॉलरच्या आसपास होती. जावयांनी त्याचे मनापासून आभार मानले आणि आम्ही बाहेर पडलो. गाडीत बसल्या-बसल्या त्यांनी मोबाईलवर तोच खेळ मागवला. सुमारे एक तृतीयांश स्वस्त, दोन दिवसांत घरपोच. मला एकदम कसंतरी झालं. पण बोलणार कोणत्या तोंडाने? निघायच्या आधी इथे मीही एका दुकानात तीन मिक्सर चालवून पाहिले होते आणि घरी येऊन मुलाकरवी ऑनलाइन मागवला होता. दुकानदाराने भांड्याच्या पात्यांचा फरक समजावला होता, तोही माझ्या लक्षात राहिला होता. तेव्हा नाही टोचलं. दुसऱ्याच्या हातून झालं की दिसतं, बघा.

त्या धंद्याचा हिशोब साधारण असा असतो. पन्नास डॉलर छापील किंमत असली तर दुकानदाराला तो खेळ छापील किमतीच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे पंचवीस-सत्तावीस डॉलरला पडतो. वरच्या पैशात भाडं, वीज, नोकर, मागची टेबलं आणि ती वीस मिनिटं. गोदामातून विकणाऱ्याला टेबल नको, शिकवणारा नको, मोक्याची जागा नको. तो तेहतीस-पस्तीसला विकूनही कमावतो. आणि त्याचं बरंचसं गिऱ्हाईक तयार झालेलं असतं ते या टेबलावर. अण्णांचंच वाक्य.

मग खेळ काढणाऱ्या कंपन्यांनी काय करावं? सोपा वाटणारा उपाय असा की कंपनीनेच ठरवून द्यावं, या किमतीखाली कुणी विकायचं नाही. आपल्याला छापील किंमत माहीत आहे ती उलट्या बाजूची. आपल्याकडे खोक्यावर लिहिलेली एमआरपी म्हणजे त्याच्या वर घ्यायचं नाही. खाली किती यायचं ते दुकानदाराची मर्जी आणि आपली घासाघीस. इथे वरचं छत नव्हे, खालची जमीन कंपनी आखते.

अमेरिकेत या जमिनीवरून शंभर वर्षं भांडण चाललं आहे. १९११ साली डॉक्टर माइल्स या औषध कंपनीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एकदा माल विकला की पुढे तो कितीला विकायचा हे कंपनीने करार करून बांधून घेणं बेकायदा. १९१९ मध्ये कोलगेटच्या खटल्यात मात्र एक पळवाट राहिली: करार करू नका, पण 'माझ्या किमतीखाली विकणाऱ्याला मी माल देणार नाही' असं आपलं आपण जाहीर करायला हरकत नाही. पुढे मंदीच्या काळात छोटे दुकानदार बुडू लागले तेव्हा १९३७ मध्ये कायदा करून राज्यांना किंमत बांधायची मोकळीक दिली गेली. 'फेअर ट्रेड' असं त्याचं गोंडस नाव. १९७५ मध्ये ती मोकळीक काढून घेतली. मधे १९६० साली शिकागोच्या लेस्टर टेल्सर या अर्थशास्त्रज्ञाने नेमकं अण्णांचं दुखणं मांडलं: एक दुकान माहिती देतं, दुसरं तिच्यावर फुकट स्वार होतं, असं चाललं तर माहिती देणारं कुणी उरणारच नाही.

आणि मग २००७. लीगिन नावाची एक कंपनी 'ब्राइटन' या नावाने बायकांचे पट्टे-पर्सेस विकते. टेक्सासमधल्या एका लहान दुकानाने त्या मालावर वीस टक्के सूट दिली. कंपनीने माल बंद केला. दुकान कोर्टात गेलं, ज्युरीने बारा लाख डॉलर भरपाई दिली, कायद्याप्रमाणे ती तिप्पट झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि पाच विरुद्ध चार मतांनी कंपनी जिंकली. १९११ चा नियम मोडीत निघाला. यापुढे प्रत्येक प्रकरण पाहून ठरवायचं, किंमत बांधल्याने बाजाराचं भलं होतं की बुरं. बहुमताचा एक मोठा आधार तो 'फुकट स्वार' होता. विरोधी मत न्यायमूर्ती ब्रायर यांचं. त्यांनी विचारलं, हे फुकटे खरोखर किती आहेत, आणि चांगल्या हेतूने बांधलेली किंमत व नफ्यासाठी बांधलेली किंमत न्यायाधीशाने ओळखायची कशी?

हा खटला मला भाचीने समजावला, ती वकिली करते. ऐकता-ऐकता मला दुसरीच गोष्ट आठवत होती.

अण्णांच्या दुकानात एक बाई यायच्या. नवरा लवकर गेलेला, शिवणकाम करून तीन मुली वाढवल्या. मोठीच्या लग्नाला साड्या हव्या होत्या. अण्णांनी त्यांना खरेदीच्या भावात दिल्या. त्यातल्या काही एका मोठ्या गिरणीच्या होत्या आणि गिरणीचा नियम होता, छापील भावाखाली विक्री नाही. कुणीतरी कळवलं. गिरणीचा माणूस येऊन बसला. गादीवर बसून चहा पिऊन म्हणाला, "शेठ, हे तुमच्यासारख्यांसाठीच आहे. भाव पाडणाऱ्यांपासून तुम्हालाच वाचवतोय." अण्णा म्हणाले, "मी भाव पाडला नाही. मी त्या बाईला दिलं." त्या माणसाला फरक कळला नाही. कळला असता तरी त्याच्या वहीत त्याला रकाना नव्हता. पुढचा सबंध लग्नसराईचा हंगाम आम्हाला त्या गिरणीचा माल मिळाला नाही.

पलीकडच्या दुकानाने ज्यांचं गिऱ्हाईक पळवलं तेच हे अण्णा. किंमत बांधल्याचा फायदा कुणाला व्हायचा असेल तर त्यांना. आणि पहिला फटका त्यांनाच बसला. म्हणून 'छोट्या दुकानदाराला वाचवण्यासाठी' हे शब्द ऐकले की मी जरा सावरून बसते.

लीगिनच्या निकालानंतर खेळांच्या बाजारातही हालचाल झाली. 'सेटलर्स ऑफ कटान' हा खेळ इंग्रजीत काढणाऱ्या मेफेअर कंपनीने थोड्याच महिन्यांत जाहीर केलं की आमच्या खेळांवर वीस टक्क्यांहून जास्त सूट चालणार नाही. २०१५ च्या अखेरीस असमोडी या मोठ्या कंपनीने आणखी पुढचं पाऊल टाकलं. आमच्या त्या आगगाड्यांच्या खेळाची कंपनी आदल्याच वर्षी तिच्या पोटात गेली होती. तिने विक्रेत्यांचे गट पाडले: टेबलं मांडणाऱ्या दुकानांनी समोरासमोरच विकायचं, ऑनलाइन विकायचं तर कंपनीची वेगळी परवानगी, वेगळ्या अटी. कारण तेच, शिकवणारी दुकानं जगली पाहिजेत.

कारण खोटं नाही. त्या टेबलावर मी स्वतः बसले आहे. पण याच धंद्यातलं इंग्लंडमधलं एक प्रकरण पाहा. तिथे हॅस्ब्रो कंपनीच्या खेळण्यांच्या आणि खेळांच्या किमती बांधल्याबद्दल २००३ मध्ये आर्गोस आणि लिटलवूड्स या दोन विक्रेत्यांना दंड झाला. आर्गोसला एक कोटी बहात्तर लाख पौंडांहून जास्त, लिटलवूड्सला त्रेपन्न लाखांहून जास्त. अपिलात ते थोडे उतरले. हॅस्ब्रोने चौकशीत सहकार्य केलं म्हणून तिचा दंड माफ झाला. तेव्हाची आर्गोस म्हणजे काय? जाडजूड कॅटलॉग चाळायचा, नंबर लिहून द्यायचा, खिडकीतून खोकं घ्यायचं. तिथे कुणी खेळ शिकवत नव्हतं, टेबल नव्हतं, हाताने खुणा करणारा मुलगा नव्हता. ज्या सेवेच्या नावाने किंमत बांधायची ती सेवा औषधालाही नव्हती, आणि किंमत बांधलेली होती. का? तर दोन धिप्पाड दुकानांना एकमेकांशी घासाघीस करायची नव्हती. पैसे गेले ते डिसेंबरात पोरांसाठी खेळ घ्यायला आलेल्या आयांचे.

इथे माझं मत सांगून टाकते. टेबलावर शिकून दुसरीकडे खरेदी करणाऱ्याच्या डोक्यावर देणं आहे, यात मला शंका नाही. माझ्या डोक्यावरही आहे. पण कंपनीने आखलेली किंमत हे देणं भलत्याकडून वसूल करते आणि पुष्कळदा भलत्यालाच देते. ज्या बाईला खेळ आधीच येतो, जिच्या गावात असं दुकानच नाही, जिला नुसतं खोकं हवं आहे, तीही टेबलाचं भाडं भरते. आणि तो पैसा दुकानदाराच्या हाती पडला तरी त्याने टेबल मांडलंच पाहिजे असं कोण बघतंय? पलीकडच्या गल्लीतला तो दुकानदार छापील भावाने विकू लागला असता म्हणून त्याने गादी घातली असती का? नफा वाढला असता, एवढंच.

आपल्या देशातही हा प्रश्न आला आहे. २००२ च्या स्पर्धा कायद्यात पुढच्या विक्रीची किंमत बांधण्याचा प्रकार नाव घेऊन लिहिला आहे. बाजाराचं नुकसान होत असेल तर तो चालत नाही. २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटी रुपये दंड केला तो याचसाठी: डीलरांनी ठरल्यापेक्षा जास्त सूट देऊ नये म्हणून कंपनीने बंधन घातलं होतं, आणि ते पाळलं जातं का हे बघायला खोटी गिऱ्हाइकं पाठवली जात होती. कंपनीने त्यावर अपील केलं, ते असो. मला त्या खोट्या गिऱ्हाइकांची गंमत वाटते. अण्णांच्या वेळी नुसतं 'कुणीतरी कळवलं' होतं, आता त्याची एजन्सी झाली.

लहानपणी पाठशाळेत आम्ही अचौर्याचे पाच अतिचार पाठ केले होते: चोराला पाठबळ देणं, चोरीचा माल घेणं, राज्याचा नियम डावलून व्यापार, खोटं माप, भेसळ. परवा पुन्हा मनात मोजून पाहिले. बहुतेक सगळे गादीवर बसणाऱ्याला लागू. गादीसमोर बसणाऱ्याला फार तर एक. समोरच्याची दुपार घेऊन उठणं त्या यादीत स्पष्टपणे नाही. चोरीच्या मालात ते धरायचं का, हे मी ज्यांना विचारलं त्यांच्यात एकमत झालं नाही. माझ्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, माल हाताला लागतो तेवढाच असतो का?

जावयांशी यावर माझं पुढे बोलणं झालं. ते चिडले नाहीत, विचारात पडले. म्हणाले, "आई, त्या वीस मिनिटांचे पैसे द्यायला मी तयार आहे. पण ते खोक्याच्या किमतीत का मिसळायचे? वेगळे मागावेत." यात दम आहे. कॅनडात टोरोंटोला 'स्नेक्स अँड लॅटेज' नावाचं एक ठिकाण २०१० मध्ये सुरू झालं. तिथे माणशी ठरलेले पैसे द्यायचे, भिंतीवरचा हवा तो खेळ काढायचा, शिकवायला माणसं असतात. खेळ विकत घ्या, नका घेऊ. टेबलाचे पैसे टेबलाला, खोक्याचे खोक्याला. कुणी फुकट स्वार होऊच शकत नाही.

मी म्हटलं, बरोबर आहे. मग माझ्या डोळ्यांसमोर बेळगाव आलं. गादीशेजारी पाटी, 'साडी उलगडून दाखवण्याचे दहा रुपये'. अण्णा अशी पाटी लावण्यापेक्षा दुकान विकतील, आणि ती वाचून आत यायला आमच्याकडची एक बाई धजणार नाही. बघायला पैसे पडत नाहीत म्हणूनच तर ज्यांची ऐपत नाही त्या पोरीसुद्धा गादीवर बसून रेशमाला हात लावून जात. त्यातली एखादी दहा वर्षांनी बस्ता बांधायला येई. आता दुकान माझा भाऊ बघतो. त्याने पाटी लावली आहे ती वेगळी, 'साड्यांचे फोटो काढू नयेत'. बायका फोटो काढून दुसरीकडे दाखवतात म्हणून. आणि तो स्वतः दिवसभर साड्यांचे फोटो काढून पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पाठवत असतो.

२०१७ मध्ये मी पुन्हा ओहायोला गेले. ते दुकान होतं. टेबलं दोनाने वाढली होती. शिकवणारा तो मुलगा नव्हता, मालक स्वतः होता. आगगाड्यांच्या खेळाची ऑनलाइन किंमत जावयांनी माझ्यासमोर पाहिली. तीन वर्षांपूर्वी होता तेवढा फरक आता नव्हता. मी लेकीला म्हटलं, विचार त्याला, कंपनीच्या नव्या नियमाने बरं झालं का?

तो जरा वेळ खोकी सारखी करत राहिला. मग म्हणाला, हो, लोक फोन काढून किंमत बघायचे ते कमी झालंय. पण मागच्या खोलीत जे खेळ वर्षभर विकले जात नाहीत ते मी पूर्वी ऑनलाइन टाकून मोकळा व्हायचो. लांबच्या राज्यातलं कुणीतरी घ्यायचं, माझे अडकलेले पैसे सुटायचे. आता त्या कंपनीचे खेळ मला फक्त या दारातूनच विकता येतात. आणि या दारातून येणाऱ्यांना ते नको आहेत.

लेकीने हे मला मराठीत सांगेपर्यंत नातीने एक खेळ काउंटरवर आणून ठेवला होता. जावयांनी छापील किंमत दिली. मी मागच्या खोलीच्या उघड्या दारातून आत पाहिलं. भिंतीशी खोक्यांची चळत होती, वरच्या खोक्यावर धूळ. आमच्या दुकानाच्या माळ्यावर न खपलेल्या साड्या तशाच असत, आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात अण्णा त्या स्वतःच्या मनाने, पडेल त्या भावाने काढत.